तुरुंगातली नोकरी आणि मनावरचा ताण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुरुंगात एकवीस वर्षं नोकरी केली. आता नव्याने भरती झालेल्यांना ताणाबद्दल शिकवतो. तासाला कुणी हात वर करत नाही. प्रश्न येतात ते नंतर, रात्री उशिरा, मेसेजमधून. बरेचसे घरच्या माणसांचे असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे जिथे डॉक्टरांची गरज आहे तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

१. पहारा तर द्यायचा असतो. या नोकरीत एवढा ताण कशाचा?

बाहेरच्यांना वाटतं, मारामारीची भीती. ती असतेच, पण मारामारी रोज होत नाही. तिची चाहूल घेत राहणं मात्र रोजचं. आठ तासांत काही घडलं नाही तरी शरीर आठही तास तयारीत उभं असतं. विंगमधल्या आवाजाची पट्टी बदलली, जेवणाच्या रांगेत एक जण नेहमीच्या जागी नाही, एरवी गजबजलेला कोपरा आज गप्प आहे, हे सगळं कान-डोळे टिपत राहतात. पाळी संपली की 'आज काहीच झालं नाही' असं म्हणतो आपण, आणि अंग मात्र मोडून आलेलं असतं.

त्यात जबाबदारी मोठी आणि हातात निर्णय थोडे. कामाचा भार जास्त आणि कामावरचा ताबा कमी, ही जोडी माणसाला झिजवते, असं रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं. तुरुंगाला ते तंतोतंत लागू पडतं. शिवाय कागदावर अधिकाऱ्याकडे पूर्ण सत्ता असते, प्रत्यक्षात तो कैद्यांच्या घोळक्यात एकटा असतो. कैद्यांच्या थोड्याफार सहकार्याशिवाय तुरुंग चालत नाही, हे समाजशास्त्रज्ञ ग्रेशम साइक्स यांनी १९५८ मध्येच दाखवून दिलं होतं. म्हणून दिवसभर छोट्या छोट्या तडजोडी कराव्या लागतात. त्यातली कुठली उद्या आपल्याच अंगाशी येईल, हे आधी कळत नाही.

२. ताण आणि बर्नआउट एकच का?

नाही. ताण सुट्टीने उतरतो. बर्नआउट सुट्टीनंतरही तिथेच असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. नीट न हाताळल्या गेलेल्या, कामाच्या ठिकाणच्या दीर्घ ताणाचा तो परिणाम आहे, असं म्हटलं आहे. त्याच्या तीन खुणा: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं.

तुरुंगात दुसरी खूण आधी दिसते, असा माझा अनुभव आहे. 'सगळे सारखेच, कुणी सुधारत नाही' हे वाक्य तोंडात बसलं की समजावं, झीज सुरू झाली आहे.

३. नुकताच रुजू झालो आहे. सुरुवातीला सगळ्यांनाच इतकं जड जातं का?

जातं. पहिले काही आठवडे दारांचे आवाज झोपेत येतात, कैद्यांची मोजणी चुकल्याची स्वप्नं पडतात. ती हळूहळू कमी होतात. ताण वाढवते ती दुसरीच गोष्ट: प्रत्येक कैदी तुम्हाला जोखत असतो. पहिली मागणी अगदी साधी असते. एक फोन, एक निरोप, दोन मिनिटं जास्त. 'हो' म्हटलं तर पायंडा पडतो, 'नाही' म्हटलं तर वैर येईल अशी भीती वाटते.

मला एका ज्येष्ठ हवालदारांनी एकच शिकवलं: 'विचारून सांगतो' म्हणायचं, आणि मग खरंच विचारून खरंच सांगायचं. उत्तर 'नाही' असलं तरी स्वतः जाऊन सांगायचं. दिलेला शब्द पाळणाऱ्या माणसाचा 'नाही' कैदी सहसा मान्य करतात. आशेवर झुलवत ठेवलेला कैदी संतापतो, आणि तो संताप पुढच्या पाळीतल्या बिचाऱ्याला सोसावा लागतो.

४. सीनियर म्हणतात, चेहरा दगडासारखा ठेव. हे बरोबर आहे का?

अर्धं बरोबर आहे. भीती आणि राग चेहऱ्यावर दिसू न देणं ही या कामाची गरज आहे. ते कौशल्य आहे, खोटेपणा नाही.

पण त्याची किंमत असते. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये अशा कामाला 'भावनिक श्रम' म्हटलं. त्यांनी त्याचे दोन प्रकार सांगितले. एकात आतलं तसंच ठेवून वरवर मुखवटा चढवायचा. दुसऱ्यात समोरच्या प्रसंगाकडे बघण्याची नजरच बदलायची. पहिला प्रकार माणसाला जास्त थकवतो, असं त्यानंतरच्या अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. एखादा कैदी आईवरून शिव्या देतोय. दात-ओठ आवळून उभं राहता येतं. किंवा मनात म्हणता येतं, 'याची आज कोर्टात तारीख होती, जामीन फेटाळला गेला, हा माझ्यावर नाही, दारावर ओरडतोय.' बाहेरून दोन्ही वेळा चेहरा सारखाच शांत दिसतो. घरी जाताना मात्र फरक कळतो.

दगडी चेहरा घरीही उतरला नाही तर काय, हे पुढच्या उत्तरात.

५. घरी आलो तरी ड्यूटी संपत नाही. काय करू?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच.

हॉटेलात दाराकडे तोंड करून बसणं, रात्री कडी तीनदा तपासणं, मुलांशी हुकमाच्या सुरात बोलणं, पाठीमागून कुणी हात लावला की दचकून वळणं. माझं स्वतःचं सांगतो. एकदा घरातले सगळे फोटोसाठी उभे होते. फोटो काढणारा मीच. सगळे हसायची वाट बघतायत आणि मी डोकी मोजतोय. अकरा. पुन्हा मोजली, अकराच. बारावा कोण कमी आहे म्हणून छातीत धडधड सुरू झाली. बारावा मी होतो, कॅमेऱ्यामागे. धाकटी म्हणाली, 'बाबा, काढा ना आता.' त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की मी घरी आलोच नव्हतो.

एक गोष्ट मनाशी पक्की करा: या सवयी म्हणजे तुमच्यातला बिघाड नाही. आत जिवंत राहायला, इतरांना जिवंत ठेवायला त्या लागतात. आत त्या शहाणपणाच्या असतात, बाहेर त्यांचं काम नसतं. म्हणून त्या मोडून टाकायच्या नाहीत. अंगावर चढवायला आणि उतरवायला शिकायचं, गणवेशासारखं.

त्यासाठी तुरुंग आणि घर यांच्यामध्ये एक पट्टा लागतो. पंधरा-वीस मिनिटं पुरतात, पण ती रोजची आणि ठरलेली हवीत. शक्य असेल तर कपडे तिथेच बदला, बूट घराच्या दाराबाहेर काढा, एक स्टॉप आधी उतरून चाला. मी फाटकाबाहेर पडलो की दिवसातली एक गोष्ट मनात 'हँडओव्हर' करायचो. अमुक कैद्याकडे लक्ष द्यायला पुढच्या पाळीला सांगितलं आहे, आता ते त्यांचं काम. सांगितलं नसेल तर परत फिरून सांगायचो. अर्धवट सोडलेलं काम डोक्यात जास्त घोळतं.

घरच्यांशीही करार करा: आल्यावर पहिला अर्धा तास मला कुठलाही निर्णय विचारू नका, पण त्यानंतर मी तुमचा. यातला दुसरा भाग पाळला नाही तर पहिल्याला काही अर्थ राहत नाही.

एक इशारा. पाळीनंतर सोफ्यावर पडून मोबाइल बघत राहणं विश्रांतीसारखं वाटतं. दिवसभर ताणलेलं शरीर एकदम ढिलं पडतं, म्हणून उठवतच नाही. अशा वेळी थोडी हालचाल पडून राहण्यापेक्षा लवकर माणसात आणते.

६. ते घरी काहीच बोलत नाहीत. विचारावं की सोडून द्यावं? (एका अधिकाऱ्याच्या पत्नीचा प्रश्न)

विचारा, पण 'आज काय झालं?' असं विचारू नका. त्याचं उत्तर 'काही नाही' हेच येतं. काही गोष्टी सांगायला त्यांना परवानगी नसते, काही ते तुम्हाला जपण्यासाठी सांगत नाहीत. 'आज जड गेला का दिवस?' एवढंच विचारा. मानेने 'हो' आलं तरी पुष्कळ. सोबत फिरायला जाताना किंवा भांडी आवरताना, म्हणजे नजरेला नजर नसताना, पुरुष जास्त बोलतात असं मी पाहिलं आहे.

त्यांचा राग तुम्ही निमूट सोसावा असं मात्र अजिबात नाही. हात उगारला जात असेल तर 'नोकरीचा ताण' ही सबब मान्य करू नका. आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता बघा.

७. दोन पेग घेतल्याशिवाय झोप लागत नाही. वाईट आहे का?

हो. दारूने झोप लवकर लागते आणि मध्यरात्रीनंतर तुटते. स्वप्नांची झोपही रात्रीच्या पहिल्या भागात कमी होते. त्यामुळे सात तास पडूनही माणूस थकलेलाच उठतो. मग दोनाचे तीन होतात.

रोज आणि बरीच घेत असाल तर एकदम बंद करू नका. अचानक सोडल्याने फिट येऊ शकते, जिवालाही धोका होतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडा.

८. रात्रपाळीचं काय करायचं?

रात्रपाळी सोपी करण्याची युक्ती नाही. नुकसान कमी करता येतं, इतकंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाला २००७ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं आणि २०१९ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. 'रात्रपाळी काय, सवयीने जमते' म्हणणाऱ्या इन्चार्जना सांगता यावं म्हणून सांगतो.

शरीरातलं निम्मं कॅफीन उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणून पाळीच्या उत्तरार्धात चहा-कॉफी बंद. खोली पूर्ण अंधारी करा. घरी जाताना डोळे मिटत असतील तर गाडी चालवण्याआधी वीस मिनिटं झोपा. पाळ्या बदलायच्याच असतील तर सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकणाऱ्या क्रमाने बदलाव्यात. उलट्या क्रमापेक्षा शरीराला हे सोपं जातं.

९. माझ्या पाळीत एका कैद्याने जीव दिला. दार मीच उघडलं. ते डोळ्यांपुढून जात नाही.

आधी हे, कारण हाच विचार तुम्हाला खात असणार: 'पाच मिनिटं आधी गेलो असतो तर?' हा प्रश्न मनात येणं म्हणजे चूक कबूल करणं नव्हे. जबाबदारीची जाणीव असलेल्या प्रत्येकाला तो पडतो. काय चुकलं, काय नाही, हे चौकशीत ठरेल. रात्री अडीच वाजता, एकट्याने, स्वतःची चौकशी चालवू नका.

पहिल्या काही आठवड्यांत ते दृश्य पुन्हा पुन्हा दिसणं, वास येणं, त्या दारापाशी पाय अडखळणं, चिडचिड, झोप उडणं, हे सगळं होऊ शकतं. बहुतेकांचं ते ओसरत जातं. या काळात हवं असतं ते साधंच असतं: सोबत कुणीतरी, जेवण, झोप, आणि लगेच त्याच जागी पुन्हा ड्यूटी न लागणं.

घटनेनंतर सगळ्यांना एका खोलीत बसवून 'काय पाहिलं, काय वाटलं' हे सक्तीने बोलायला लावायची पद्धत काही ठिकाणी आहे. जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये तिची मांडणी केली आणि ती झपाट्याने पसरली. पण अशा एका बैठकीने पुढचा मानसिक आघात टळत नाही, असं २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, दिसून आलं. म्हणून बोलावंसं वाटलं तर बोला. नको वाटलं तर तसं स्पष्ट सांगा, त्यात कमीपणा नाही.

महिना उलटूनही ते दृश्य तितकंच ताजं असेल, त्या विंगकडे जाणं टाळलं जात असेल, सतत दचकायला होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आघातावर नेमके उपचार आहेत आणि ते परिणामकारक आहेत. 'आपोआप जाईल' म्हणून मी अडीच वर्षं थांबलो होतो. थांबायला नको होतं.

१०. मलाच कधी कधी जगू नये असं वाटतं. कुणाला सांगू?

आजच, एका माणसाला, स्पष्ट शब्दांत सांगा. आडून नको. जवळ सरकारी किंवा खासगी शस्त्र असेल तर ते आत्ताच दुसऱ्याच्या ताब्यात द्या. कारण विचारलं तर 'काही दिवस नको आहे' एवढं पुरे. एकटे राहू नका. विचार पक्का होत चालला असेल तर हेल्पलाइनला फोन करा किंवा थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. ही लाट चढते तशी उतरतेही, आणि ती उतरेपर्यंत कुणीतरी शेजारी असणं हाच त्या वेळचा इलाज आहे. नोकरीवरच्या परिणामांची काळजी नंतर करू. प्रश्न ११ त्यासाठीच आहे.

११. मदत घेतली तर शेरा बसेल, बढती अडेल?

ही भीती निराधार आहे असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. काही ठिकाणी लोकांना बाजूला सारलं गेलेलं मी पाहिलं आहे. म्हणून पहिल्या भेटीत, काहीही सांगण्याआधी तीन गोष्टी विचारा: हे कुणाला कळवलं जातं, लेखी नोंद कुठे राहते, आणि कोणत्या परिस्थितीत गुप्तता मोडावी लागते. खात्याच्या डॉक्टरांचा भरवसा वाटत नसेल तर बाहेरच्या डॉक्टरांकडे जा.

चित्र बदलतंय, हेही खरं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने २०१६ मध्ये कायदा केला. आघातानंतरच्या मानसिक विकाराचं निदान झालेल्या तुरुंग कर्मचाऱ्याचा आजार कामामुळेच झाला असं तो गृहीत धरतो. तसं नसेल तर ते दुसऱ्या बाजूने सिद्ध करायचं. पुराव्याचं ओझं आजारी माणसाच्या डोक्यावरून उतरवणं ही मोठी गोष्ट आहे.

१२. सहकाऱ्यांशी बोलतोच की आम्ही. तेवढं पुरत नाही का?

पुष्कळदा पुरतं. आतलं जग ज्याने पाहिलं आहे त्याला अर्ध्या वाक्यात कळतं. एरवी ऐकवणार नाहीत असे विनोदही तिथे चालतात, आणि ते मनाचं झाकण थोडं उघडतात. पण एक तपासा: गप्पा संपल्यावर हलकं वाटतं की आणखी तापायला होतं? रोज त्याच तक्रारी, त्याच माणसांबद्दल, त्याच क्रमाने उगाळल्या जात असतील तर त्याने ताण मुरतो. आणि ज्याच्यावर विनोद होतोय तो हसत नसेल, तर तिथेच थांबा.

१३. कैद्यांशी बोललं की ताण वाढतो की कमी होतो?

हद्द सांभाळून बोललं तर कमी होतो, असं माझं ठाम मत आहे. ब्रिटनमधल्या तुरुंग सेवेतले इयन डनबार यांनी १९८५ च्या सुमारास 'गतिमान सुरक्षा' ही कल्पना मांडली: भिंती आणि कुलपांइतकीच सुरक्षा कैद्यांशी रोजच्या संबंधातून, त्यांना ओळखण्यातून मिळते. नॉर्वेत अधिकाऱ्याचं प्रशिक्षणच दोन वर्षांचं असतं, आणि ठरावीक कैद्यांचा 'संपर्क अधिकारी' म्हणून तो काम करतो.

याचा ताणाशी थेट संबंध आहे. ज्याला तुम्ही ओळखता त्याचं आजचं गप्प बसणं तुम्हाला वाचता येतं. न ओळखणाऱ्याला सगळ्यांचीच धास्ती घ्यावी लागते.

हद्द कुठली? स्वतःच्या घरच्या गोष्टी सांगायच्या नाहीत, वस्तूंची देवघेव नाही, आणि सहकाऱ्यासमोर बोलता येणार नाही असं काही कैद्याशी बोलायचं नाही. शेवटची कसोटी सगळ्यांत उपयोगी.

१४. मला आता कशाचंच काही वाटत नाही. म्हणजे मी या कामाला सरावलो का?

कदाचित. कदाचित नाही. सरावलेल्या माणसाचे हात प्रसंगात थरथरत नाहीत, पण मुलाचा निकाल ऐकून त्याला आनंद होतो. सगळीकडेच काही वाटेनासं झालं, जेवणाची चव, आवडता खेळ, जवळची माणसं, सगळं एकाच रंगाचं झालं, तर तो सराव नव्हे. ते नैराश्य असू शकतं. दोन आठवडे असंच राहिलं तर डॉक्टरांकडे जा.

१५. मी क्रूर होत चाललोय का? सत्ता हाती आली की माणूस तसा होतोच, असं म्हणतात.

असं म्हणणारे बहुतेक वेळा १९७१ च्या, स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या नकली तुरुंगाच्या प्रयोगाचा दाखला देतात. कॉलेजच्या मुलांना कैदी आणि रक्षक केलं होतं. दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत थांबवावा लागला. पण रक्षक झालेल्या मुलांना कठोर वागण्यासाठी उत्तेजन दिलं गेलं होतं, हे पुढे त्याच्या नोंदींतून उघड झालं. 'भूमिका मिळाली की क्रौर्य आपोआप येतं' हा निष्कर्ष त्यावर उभा राहत नाही. क्रौर्याला वरून मूक संमती लागते. तुम्हाला हा प्रश्न पडतोय, हे चांगलं लक्षण आहे. एखाद्या कैद्याला मुद्दाम ताटकळत ठेवलं आणि बरं वाटलं, असा दिवस आठवत असेल, तर विश्वासातल्या सहकाऱ्याला तो सांगा. आणि रजा घ्या.

१६. महिला अधिकाऱ्यांचा ताण वेगळा असतो का?

काम तेच, त्यावर आणखी थर असतात. मला लिहिणाऱ्या बहुतेक जणींचा त्रास कैद्यांपेक्षा सहकाऱ्यांच्या शेरेबाजीचा आहे. 'मनावर घेऊ नका' हा सल्ला मी देत नाही. तारीख, वेळ, शब्द, साक्षीदार लिहून ठेवा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाविरुद्ध १९० क्रमांकाचा करार स्वीकारला. तुमच्या देशाने तो मान्य केला असेल तर तक्रारीला त्याचा आधार आहे.

१७. कैद्यांचं सोसतो. वरिष्ठांचं सोसवत नाही. हे फक्त माझंच आहे का?

अजिबात नाही. तुरुंग कर्मचाऱ्यांच्या अभ्यासांत हे सातत्याने दिसतं: अस्पष्ट आणि उलटसुलट आदेश, वरिष्ठांचा आधार नसणं, निर्णयांत कुणी न विचारणं, यांनी येणारा ताण कैद्यांमुळे येणाऱ्या ताणाइतका, अनेकदा त्याहून जास्त असतो. म्हणून प्राणायाम आणि छंद यांवरच भर देणारी शिबिरं मला पटत नाहीत. श्वास सावकाश घेतल्याने फरक पडतो, मी स्वतः घेतो. पण दोघांच्या जागी एक माणूस उभा असेल तर त्या एकाला श्वास शिकवून दुसरा येत नाही.

सेवाशर्तींबद्दल वरिष्ठांकडे अर्ज करणार असाल, तर संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांतला ७४ वा नियम त्याला जोडा. काम कष्टाचं आहे हे ध्यानात घेऊन कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती अनुकूल असाव्यात आणि पगार योग्य माणसं टिकतील इतका असावा, असं त्यात आहे. हे नियम कैद्यांना कसं वागवावं याचे आहेत, तरी त्यात कर्मचाऱ्यांसाठी ही तरतूद आहे.

तुम्ही स्वतः इन्चार्ज असाल तर: रोस्टर आधी लावा, मंजूर रजा शेवटच्या क्षणी रद्द करू नका, आणि घटनेनंतर अहवाल मागण्याआधी 'तू ठीक आहेस ना?' विचारा. त्या क्रमाची आठवण माणसाला वीस वर्षं राहते.

१८. नोकरी सोडावी का?

वाईट आठवड्यात ठरवू नका. आधी विंग, पाळी किंवा काम बदलून मिळतं का बघा. झोप आणि उपचार सुरू करून तीन महिन्यांनी हा प्रश्न स्वतःला पुन्हा विचारा. तरीही उत्तर तेच आलं, तर सोडणं हा पराभव नाही. माझ्या बरोबरीचे दोघे सोडून गेले, दोघेही आज बरे आहेत.

१९. निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी पहाटे मोजणीच्या वेळेला जाग येते. हे जाईल ना?

सवय सैल होते, पूर्ण जाईलच असं नाही. जाग आली की पडून राहू नका, त्या वेळेला दुसरं काहीतरी काम द्या. मी झाडांना पाणी घालतो. दार उघडताना हात अजूनही कमरेशी जातो, चाव्यांच्या जुडग्यासाठी. घरच्यांनी आता त्याकडे बघणं सोडून दिलं आहे.